येताना थांबू

बारामती,
सोमवार, दिवेलागण

तीर्थरूप सिंधुआत्या यांना धाकट्या भाचीचा, म्हणजे स्वरूपाचा, डोकं पायांवर ठेवून नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असावी. (हे 'आपली' पहिल्या ओळीपुरतंच. पत्रात मोठ्यांना मानानं लिहायचं असं तूच शिकवलंस, म्हणून एकदा लिहून घेतलं. इथून पुढं तू ती तूच.) गुडघा कसा आहे? निर्गुडीचा शेक घेतेस की नुसतीच निर्गुडी दारात लावून ठेवली आहेस? मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन शिमगा झाल्यावर करायचं होतं, त्यात काही बदल नाही ना? गहू निघाला का? माणसांची खुशाली विचारली की मागोमाग जनावरांचीही विचारावी, हेही तुझंच शिकवणं. म्हैस बरी असेल. शेळी बरी असेल. बाकीच्या जनावरांबद्दल मी या जागी काही विचारत नाही, कारण तो विषय ओघानं खाली येणार आहे आणि मला सगळं क्रमानं सांगायचं आहे. क्रम चुकला की मी घाबरते आणि घाबरले की भलतंच बोलते, हे तुला माहीत आहे.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं तू म्हणशील. फोन केला होता. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत केला. तू उचललास आणि 'बोल' म्हणालीस, तेही नेहमीसारखं नाही, घसा बसल्यासारखं. त्या एका शब्दात मला सगळं कळलं (निदान कळलं असं वाटलं) आणि मी 'आवाज येत नाहीये, आवाज येत नाहीये' असं दोनदा म्हणून फोन ठेवला. आत्या, आवाज येत होता. अगदी स्वच्छ येत होता. मागं गोठ्यात म्हैस खुंट्याला शिंगं घासत होती, तेसुद्धा मला ऐकू आलं. म्हणून हे पत्र. पत्रात कुणी मधेच 'बोल' म्हणत नाही.

तर मुख्य गोष्ट. काल, रविवारी सकाळी, मी तुझ्या फाटकासमोरून गेले आणि थांबले नाही.

हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. आधी 'थांबता आलं नाही' असं लिहिलं होतं, ते खोडलं. थांबता आलं असतं. गाडीला ब्रेक होते.

आपल्या माणसाचं घर वाटेत लागलं तर ओलांडून जायचं नाही, उंबऱ्याला पाय लावायचा, निदान उभ्याउभ्या तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग पुढं जायचं, हे मी मुळाक्षरांच्याही आधी शिकले आणि तुझ्याकडंच शिकले. कारखान्यात दादांच्या पाळ्या, आईची अंगणवाडी, म्हणून मला तुझ्या वस्तीवर ठेवलं होतं. इतर मुली शाळेत जाऊन शिकल्या ते मी आधी तुझ्या बांधावर शिकले. उजनीचं पाणी उतरलं की जो ओला गाळ उघडा पडायचा त्यावर काडीनं तू 'अ' काढायचीस, आणि मी तो गिरवेपर्यंत एखादा लांब तंगड्यांचा शेकाट्या त्यावरून चालत जाऊन त्याचा 'आ' करून ठेवायचा. पाखराकडं बोट दाखवायचं नाही, दिसलं की हालायचं नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा, हा दुसरा धडा. आणि घर ओलांडायचं नाही हा पहिला. कोऱ्हाळ्याची दगडाकाकू, म्हणजे तुझी सख्खी भावजय, नरसिंहपूरला दर्शनाला जाताना तुझ्या फाटकावरून जीपमधून हात हलवून पुढं गेली, तेव्हापासून तू तिच्या घरचं पाणी प्यायलेली नाहीस. माझ्या आठवणीत तुम्ही दोघी एका लग्नात समोरासमोर आलात तेव्हा हळदीकुंकूसुद्धा माझ्या हातून पोचवलं गेलं. मी मधे उभी होते आणि एकीचं कुंकू दुसरीला लावत होते. दगडाकाकू तेव्हा मला म्हणाली होती, "सांग तुज्या आत्याला, येताना थांबनार हुतो आमी." तू ते ऐकलंस आणि म्हणालीस, "तिला सांग, येताना समदेच थांबत्यात."

मी काल लैलाला हेच म्हणाले. येताना थांबू.

लैला तुला माहीत आहे, तुझ्याकडच्या शेंगुळ्या खाऊन जिनं दोन दिवस दुसरं काही खाल्लं नव्हतं ती. एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिला रोहित पक्षी बघायचे होते, ज्यांना तू 'नवऱ्या' म्हणतेस. तिच्या भावाची दुर्बीण एका रविवारपुरती मिळाली होती. मला नवऱ्यांपेक्षाही तुझी ती 'उलट्या गंधाची' बदकं बघायची होती, डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेली. शिमग्याची बोंब ऐकली की ती उठून हिमालयापलीकडं जातात असं तू सांगायचीस. म्हणजे हाच शेवटचा रविवार. नाववाल्या भीमाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, ऊन तापायच्या आत या. ऊन चढलं की पाखरं मधल्या पाण्यात जात्यात, मग मला बोलायचं न्हाय." आता तूच सांग, तुझ्या घरी थांबून ऊन तापायच्या आत पाण्यावर पोचलेलं माणूस आजवर कुणी पाहिलंय का? आधी पाणी, मग गूळ, मग चहा, मग 'च्या काय प्यायचा रिकाम्या पोटी' म्हणून धपाटी, धपाटी होईपर्यंत शेतातून मामांना बोलावणं, मामा आले की पुन्हा चहा. (मी तक्रार करत नाही. मी फक्त वेळेचं सांगतेय.) मी रात्रभर विचार केला आणि असं ठरवलं की जाताना तोंडाला स्कार्फ बांधायचा, गॉगल लावायचा, लैलाच्या स्कूटरवर मागं बसायचं आणि फाटक येईल तेव्हा उजवीकडच्या उसाकडं बघायचं.

तसंच केलं. फाटक आलं. मी उसाकडं बघितलं. तू अंगणात नव्हतीस, चुलीचा धूर मात्र दिसला. (उसाकडं बघत असताना धूर कसा दिसला, असं विचारू नकोस.) माणसाच्या डोळ्याला स्कार्फ फसवतो, पण चेअरमनच्या नाकाला नाही. तो फाटकाखालून सरपटत बाहेर आला आणि असा आनंदानं भुंकत मागं लागला की जणू मी त्यालाच न्यायला आले होते. लैला दचकून म्हणाली, "अगं, हे कुणाचं कुत्रं? नावानं हाक मार, परत पाठव." मी म्हणाले, चेअरमन. ती म्हणाली, "चेअरमनचं कुत्रं आहे?" मग मला तिला चालत्या गाडीवर सगळं सांगावं लागलं की मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीत थोडक्यात पडले, त्याच संध्याकाळी रस्त्यावरचं पिल्लू उचलून घरी आणलं, आणि घरात एक तरी चेअरमन पाहिजे म्हणून तेच नाव ठेवलं. ती इतकी हसली की गाडी साइडपट्टीवर गेली. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणं. ओलांडता येईना. आमचा वेग कुत्र्याच्या वेगाइतका झाला आणि तो तसाच राहिला. मी त्याला 'जा घरी' म्हणाले. माझा आवाज ऐकून त्याची खात्रीच पटली.

वळणावर गेणबातात्या उभे होते. तुझा दीर आणि मी, आमचं तसं कधी फार बोलणं नाही, पण त्यांनी स्कार्फकडं पाहिलंच नाही. त्यांनी कुत्र्याकडं पाहिलं आणि हात आडवा केला.

"चेअरमन हितं म्हंजी पावनी वैनीकडची," असं त्यांनी जाहीर केलं. "कोन, स्वरू? वैनीकडनंच आलीस न्हवं?"

आत्या, मी शपथेवर सांगते, माझी जीभ काही बोलली नाही. मान हलली. ती आडवी हलवायची होती, पण स्कार्फ गच्च बांधलेला असल्यामुळं ती उभी हलली. (हे खरं नाही. स्कार्फ सैल होता.) मग 'आता वैनीकडं थांबलीस आन् आमच्या दारावरनं तशीच चाललीस व्हय' असं म्हणून त्यांनी आम्हाला आत नेलं. नकार कशाच्या जोरावर देणार? तुझ्याकडं मी थांबले होते ना! चहा झाला. काकूंनी भाकरी टाकली. तात्यांनी विचारलं, "वैनीनं काय केलं हुतं?" आणि इथं मात्र जीभच बोलली. मी धपाटी म्हणाले. नुसती नाही, लसणाच्या चटणीबरोबर. एवढ्यावर थांबावं की नाही, तर मी म्हणाले की दही घट्ट होतं. लैला माझ्याकडं बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "स्वरूपा, मला भूक लागलीय. ती धपाटी मला का नाही मिळाली?"

तोपर्यंत ऊन अंगाला लागायला लागलं होतं. पाण्याच्या कडेला राजेश्वरीताईचं घर आहे, माझी मावसबहीण, तिला मी विसरलेच होते. ती धुणं वाळत घालत होती. तिनंही आधी कुत्राच ओळखला. तात्यांचा तिला फोन आलेला होता (आपल्याकडं फोन आपल्या पुढं जातो), त्यामुळं धपाटी, चटणी आणि घट्ट दही हे सगळं माझ्या आधी तिथं पोचलं होतं. ती रुसूनच म्हणाली, "आत्याकडं जेवलीस, तात्यांकडं जेवलीस, आता माझ्याकडं तोंड दाखवायला आलीस?" मग तिच्याकडंही खावं लागलं. कुरडई, गुळाची पोळी, वर ताक. लैला पहिल्यांदाच हळू आवाजात आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "आपण पक्षी बघायला आलोय का पाहुण्यांची शिरगणती करायला? तुझ्या आत्याकडं थांबलो असतो तर एकाच घरी झालं असतं." मला तेव्हा ते पटलं नाही. आता पटतं. तुझ्याकडं थांबले असते तर तात्यांना 'आत्याकडं जेवून आले' हे खरं सांगता आलं असतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसाला लवकर सोडतात. खोटं बोलणाऱ्याला आणखी वाढतात.

भीमा नावेजवळ तोंड फुगवून बसला होता. कुत्रं नावेत घेत नाही म्हणाला. मग जवळ येऊन बघितलं आणि म्हणाला, "हा तर चेअरमन. मग बसू द्या." मामांना त्यानं मत दिलं होतं म्हणे. चेअरमन नावेच्या टोकाला जाऊन बसला, अगदी सभेत बसल्यासारखा. ऊन चढलंच होतं, पाखरं मधल्या पाण्यात गेलीच होती, पण भीमा रागावला असूनही त्यानं बांबूनं नाव ढकलत ढकलत आम्हाला आत नेलं आणि मग बांबू गाळात रोवून थांबला. समोर उथळ पाण्यात तुझ्या नवऱ्या उभ्या होत्या, माना खाली घालून, एका पायावर. मी बोट दाखवलं नाही. लैलानं दाखवायला हात उचलला तर तिचाही हात धरला. एवढा एकच धडा काल मी नीट पाळला.

तिनं मोबाईल काढला आणि मी दुर्बीण घेऊन उलट्या गंधाची शोधायला लागले. ती मिळाली. पाण्यापलीकडं, कापलेल्या हरभऱ्याच्या रानात चरत होती, उन्हात त्यांच्या डोक्यावरचे पट्टे अगदी स्पष्ट. मी एकामागून एक बघत चालले होते आणि रानाच्या कडेला, चिंचेखाली, तू उभी होतीस.

मला आधी कळलंच नाही की ते तुझं रान आहे. पाण्यावरून मी ते कधी बघितलंच नव्हतं. आपण नेहमी रानातून पाणी बघायचो. तू हिरवं लुगडं नेसली होतीस. एक हात कपाळावर, उन्हाला आडवा. दुसऱ्या हातात जर्मनच्या पत्र्याची ताटली. तू कुणाची तरी वाट बघत होतीस, आणि हाक मारत होतीस. तोंड उघडलेलं दिसायचं, मिटलेलं दिसायचं, आवाज मात्र माझ्यापर्यंत येत नव्हता. दुर्बिणीतून माणूस इतकं जवळ येतं, आत्या, की हात पुढं करून पदर धरावासा वाटतो. आणि हात पुढं केला की दुर्बीण हलते आणि माणूस जातं. मी दोनदा तसं केलं. मला वाटलं, हिला कुणीतरी सांगितलं. हिनं माझ्यासाठी वाढून ठेवलंय आणि ताट घेऊन बांधावर आलीय.

त्याच वेळी चेअरमनचे कान उभे राहिले. माणसाला ऐकू येत नाही ते कुत्र्याला येतं. तो टोकावर उभा राहिला, आभाळाकडं तोंड केलं आणि असा काही रडला की पाण्यावरचं सगळं एकदम उठलं. नवऱ्या उठल्या, पंखाखालचा तो लाल रंग क्षणभर सगळीकडं झाला. शेकाटे उठले, चक्रवाक उठले, आणि पलीकडं तुझ्या डोक्यावरून उलट्या गंधाची उठली. तू मान वर करून बघत राहिलीस. मग तू मान खाली केलीस आणि सरळ नावेकडं बघितलंस. मी खाली वाकले. नावेच्या तळाशी, जिथं मासळीचं पाणी साठलेलं असतं, तिथं डोकं घालून बसले. भीमा म्हणाला, "झालं, आता दुपारपतुर कायबी न्हाय." लैलाच्या व्हिडिओत फक्त चेअरमनचं शेपूट आलं आहे. मागं लालसर काहीतरी हलतं, पण ते पक्षी आहेत हे सांगावं लागतं.

मला जे करायला हवं होतं ते उघड होतं. नाव तशीच तुझ्या काठाला लावायची, उतरायचं, ताटली हातातून घ्यायची आणि बसायचं. भीमानं लावलीही असती. पण मी विचार केला की आत्याला मी काय सांगू? तुझ्याकडं जेवून आले असं दोन घरी सांगून तुझ्याकडं जेवायला आलेय? मी म्हणाले, येताना थांबू. दुसऱ्यांदा म्हणाले.

आणि येताना खरंच थांबणार होते. राजेश्वरीताईनं दुपारी सोडलं नाही, निघेपर्यंत दिवस मावळायला आला. चेअरमन दमला होता, पाय उचलेना, म्हणून त्याला गाडीच्या पुढच्या फळीवर घेतलं. उन्हानं आणि लाजेनं माझं डोकं दुखत होतं, पण मी स्कार्फ काढून टाकला होता, हे तू लक्षात घे. उघड्या तोंडानं येत होते. तुझं फाटक दिसलं आणि बघते तर अंगण माणसांनी भरलेलं. तात्या होते. मामा मधोमध उभे. आठ-दहा जणांच्या हातात काठ्या, कुणाकडं बॅटरी, एकजण हातवारे करून रस्त्याकडं दाखवत होता, आणि तू ओट्यावर बसून डोळ्याला पदर लावला होतास. आत्या, मला वाटलं ते माझ्यामुळं आहे. तात्यांनी तुला विचारलं असणार, धपाटी कशी झाली होती, आणि तू म्हणाली असणार, कसली धपाटी? आणि भावकी गोळा झाली. (काठ्या कशाला, हा प्रश्न मला पडला होता. पण दगडाकाकूच्या वेळी काय काय झालं होतं ते मला लहान असल्यामुळं कुणी सांगितलेलं नाही.) मी लैलाला म्हणाले, थांबू नको. तिनं एकदा मागं बघितलं आणि गाडी पळवली. अशा रीतीनं एका दिवसात मी तुझं घर दोनदा ओलांडलं. दगडाकाकूनं एकदाच ओलांडलं होतं.

रात्री मला झोप लागली नाही. एवढं लिहून मी मोकळी होईन असं वाटलं होतं, तसंही झालेलं नाही. तू मला गाळात अक्षरं काढून शिकवलंस आणि मी तुझ्याच फाटकापुढं तोंड झाकून गेले, याला काय म्हणावं ते मला कळत नाही. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मी तक्रार करणार नाही. फक्त एवढं कर, दगडाकाकूसारखं मला निरोपांवर ठेवू नकोस. माझं कुंकू पोचवायला मधे उभी राहील अशी लहान पोरगी आता आपल्या घरात उरलेली नाही.

मामांना नमस्कार. पत्र उद्या पहाटे दुधाच्या गाडीबरोबर पाठवते, ड्रायव्हर तुझ्या फाटकातच देईल. चुलीवर दूध ठेवून वाचू नकोस, उतू जाईल, लांबलं आहे.

तुझ्या बांधावर वाढलेली,
स्वरूपा

ता.क. १. हे खरं म्हणजे अगदी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण क्रमानं सांगायचं ठरवलं होतं. चेअरमन माझ्याकडं आहे. जिवंत आहे. आता माझ्या पायावर झोपला आहे. तुझ्या अंगणापुढून गाडी पळवली तेव्हा तो फळीवरच होता आणि ते आमच्या दोघींच्याही लक्षात भिगवणला आलं, आणि मागं फिरायची माझी छाती झाली नाही. पत्राचा निम्मा भाग लिहून झाला तेव्हा आईचा फोन आला. म्हणाली, "वन्सं कालपास्नं जेवल्या न्हाईत, चेअरमनला बिबट्यानं नेला." उसात बिबट्याचे ठसे सापडले, वनखात्याला कळवलं, गावच्या ग्रुपवर फोटो टाकून श्रद्धांजली वाहिली, हे सगळं तिनं मला सांगितलं आणि मी 'अरेरे' म्हणाले. आत्या, मी 'अरेरे' म्हणाले! आता मला काठ्या कशासाठी होत्या ते कळलं, तुझा घसा का बसला होता ते कळलं, आणि ती ताटली कुणाची होती तेही कळलं. (तो वळणावरून आमच्या मागं थोडं येऊन घरी परतला आणि वाटेत उसात सापडला, असं तात्यांनी धरलं असणार; ताई आणि भीमा लांब पाण्याच्या कडेला, त्यांना कोण विचारतं?) ठसे कशाचे होते ते मला माहीत नाही, पण त्यात आमचा चेअरमन नाही. हे वाचल्याबरोबर, पुढचं वाचायच्या आधी, मामांना सांग की ग्रुपवर तसं टाका. लोक रात्री पिकाला पाणी द्यायला जायचं थांबले असतील.

(दुधाच्या गाडीतूनच त्याला का पाठवलं नाही, असं तू म्हणशील. दुधाच्या गाडीत कुत्रं बसवायचं नाही, हा नियम लावणारी मीच. ड्रायव्हरनं मला तो तोंडपाठ म्हणून दाखवला.)

ता.क. २. तू खोटं बोलावंस असं मी कधीच म्हणणार नाही. पण तात्यांनी धपाट्यांचा विषय काढला तर तू काही बोलू नकोस, नुसती मान हलव. दही घट्ट होतं, एवढं लक्षात ठेव.

ता.क. ३. ताटली चेअरमनची होती, हे मी मान्य करते. तरी तुला एक विचारते. त्यात थोडीशीसुद्धा माझी नव्हती का?

ता.क. ४. उद्या संध्याकाळी पाळी सुटली की मी त्याला घेऊन येते. घरमालकिणीला त्याचा अजून पत्ता नाही, त्यामुळं यायलाच हवं. या वेळी स्कार्फ नाही. ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला दिसला तर मी आत येईन. दिसला नाही तर समजून घेईन, फाटकातून त्याला आत सोडीन आणि तिथूनच नमस्कार करून मागं फिरेन. पुन्हा तो फाटकाखालून सरपटत माझ्या मागं आला, तर मात्र आत्या, ताटली घेऊन बांधावर जाऊ नकोस. रस्त्यावर ये. मी थांबलेली असेन.